पार्ट विकण्याआधी पार्ट ओळखा, आणि त्याचे पैसे घ्या

स्पेअर पार्ट्सच्या धंद्यावरच्या व्हिडिओत एक मुद्दा घाईत उरकला होता, तो इथे नीट मांडतो. माझं मत स्पष्ट आहे. जुन्या स्पोर्ट्स कारचा ब्रेक पार्ट नुसतं "गाडी कोणती?" विचारून विकणं बंद करा. आणि योग्य पार्ट ओळखून देण्याचे वेगळे पैसे घ्या.

का? जॅग्वार ई-टाइप बघा. ही इंग्लिश गाडी १९६१ ते १९७४ बनत होती. नाव एकच, पण पहिल्या सिरीजला डनलॉपचे ब्रेक आणि १९६८ मध्ये आलेल्या दुसऱ्या सिरीजपासून गर्लिंगचे. एकाचे पॅड दुसऱ्याला चालत नाहीत. त्यात मागचे डिस्क चाकापाशी नसून आत, डिफरन्शियलला लागून आहेत. चुकीचा पार्ट आला तर मेकॅनिकला पुन्हा गाडीखाली झोपावं लागतं. ती मजुरी कोण देणार?

ट्रायम्फ टीआर६ मध्ये तर धोका आणखी मोठा. सुरुवातीच्या गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरला इंची आटे, नंतरच्यांना मेट्रिक. ब्रेक पाइपचा तीन सुती, म्हणजे ३/८ इंची नट ९.५ मिलिमीटरचा, आणि मेट्रिक भोक १० मिलिमीटरचं. आट्यांमधलं अंतरही जवळपास सारखंच. त्यामुळे इंची नट मेट्रिक भोकात आरामात फिरतो, बसल्यासारखा वाटतो, पण पकड नावापुरतीच असते. जोरात ब्रेक दाबला की तिथून ऑइल गळू शकतं, नट निसटूही शकतो. अशा वेळी "माल बदलून देतो" म्हणून काय उपयोग?

म्हणून काउंटरवर तीन गोष्टी ठरवून करा.

१. गाडीवरच्या प्लेटचा चॅसी किंवा कमिशन नंबर घ्या. आरसीवरच्या वर्षावर जाऊ नका, ते नोंदणीचं असू शकतं. पार्ट कधी बदलला हे कंपनीचं कॅटलॉग नंबरवरूनच सांगतं.

२. जुना पार्ट हातात घ्या. त्यावर कंपनीचं नाव, नंबर काय आहे ते बघा. पन्नास वर्षांत कुणीतरी दुसऱ्याच गाडीचं कॅलिपर बसवलेलं असू शकतं.

३. मोजा. डिस्कचा व्यास, सिलिंडरचा बोअर व्हर्निअरने आणि आटे पिच गेजने. मास्टर सिलिंडरचा बोअर थोडा जरी मोठा आला, तरी तेवढ्याच ब्रेकसाठी पायाला जास्त जोर लावावा लागतो.

तिन्ही उत्तरं जुळली तरच ऑर्डर टाका. जुळत नसतील तर सरळ "नाही" म्हणा. ब्रेकच्या बाबतीत "बहुतेक बसेल" हा शब्द दुकानात नकोच.

आता तुम्ही म्हणाल, "सर, ओळखण्याचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक पळेल." काही जण पळतीलही. पण हा पार्ट इंग्लंडहून येतो. कुरिअर, कस्टम ड्युटी, महिनाभराची वाट, आणि चुकला तर परत पाठवण्याचा खर्च. एक चुकीची ऑर्डर चार बरोबर ऑर्डरींचा नफा खाऊ शकते. जुनी गाडी जिवापाड जपणाऱ्या माणसाला शंभर रुपये वाचवायचे नसतात, त्याला खात्री हवी असते. ती खात्री तुम्ही फुकट वाटता आणि पार्टवर मार्जिन शोधत बसता! पार्ट घेतला तर फी बिलातून वजा करा हवं तर, पण बिलावर ती दिसू दे.

आणि पैसे घेतले की जबाबदारीही आली. काय तपासलं ते लिहून सही करून द्या. एक प्रत तुमच्याकडे, गाडीच्या नावाने. पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक आलं की निम्मं काम आधीच झालेलं असेल.

या आठवड्याचं काम: काउंटरवर व्हर्निअर, पिच गेज आणि तीन रकान्यांचा एक फॉर्म ठेवा. पहिला फॉर्म भरल्याशिवाय पुढची ऑर्डर टाकू नका.