दस्त्यावरची नक्षी आणि मक्याचं शेत

व्हॉल्व्हच्या धंद्यात हुबळीचं नाव आहे. तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत अशा कामावर हात बसलेल्या माणसापुढे एखादा जॉब ठेवला, तर तो आधी माप घेतो, बैठक तपासतो, दाबाखाली गळतंय का ते पाहतो. रंगाचा विचार सगळ्यात शेवटी. पण याच भागातला माणूस बंदूक घ्यायला गेला की त्याची नजर थेट दस्त्याच्या लाकडावर, बाजूच्या पत्र्यावरच्या कोरीव हरणांवर नाहीतर काळ्याकुट्ट ‘कमांडो’ थाटावर जाते. बंदूक हेही शेवटी दाबाखाली काम करणारं यंत्र आहे आणि तो दाब व्हॉल्व्हपेक्षा कितीतरी जास्त असतो. तिच्यात गळतीची चाचणी चुकली, तर ती चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर चुकते.

आधी हे ठरवायला हवं की या बंदुकीने करायचं काय. आपण अजून तिला ‘शिकारी बंदूक’ म्हणतो, पण शौकाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने संपली. तारिहाळहून पश्चिमेला कलघटगी, अळणावर, हल्याळकडे निघालं की मका आणि उसाच्या फडात रानडुकरं शिरतात, आणि तिथे बंदुकीचा परवाना मागितला जातो तो पिकाच्या राखणीसाठी. तो परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे. रानडुक्कर मारायचं तर कलम ११ खाली वन अधिकाऱ्याचा वेगळा लेखी आदेश लागतो. काळविटाचं नाव तर पहिल्या अनुसूचीत आहे, आणि पिकाची नासाडी हे त्याला मारण्याचं कारणच होऊ शकत नाही. त्यामुळे या भागातली प्रामाणिक बंदूक वर्षातून मोजकेच बार काढते. बाकी सगळा काळ ती कपाटात असते, आणि निवडणूक लागली की बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा होते. म्हणून व्यवहार्यता जोखायची तर ती बार काढण्याच्या क्षणावरून जोखून भागत नाही. चार महिने ओल धरणाऱ्या मलनाडाच्या काठावरच्या घरात ती गंजते का, अंधारात चाचपडत तिची काडतुसं काढता येतात का, मोडली तर पार्ट मिळतो का, हे प्रश्न आधी यायला हवेत.

दिसण्याची सगळ्यात मोठी भुरळ जुन्या, वाड्यातून चालत आलेल्या दुनळीत असते. तिच्या नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. एकोणिसाव्या शतकात लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकत अशा नळ्या घडवत. काम अप्रतिम, यात वाद नाही. पण त्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या आहेत. आजच्या धूरविरहित दारूचा दाब वेगळ्या तऱ्हेने चढतो, आणि पट्ट्यांच्या सांध्यात आत गंज शिरला असेल तर बाहेरून कितीही पुसलं तरी तो दिसत नाही. म्हणजे जी लहर डोळ्याला सुखावते, तीच शेकडो सांध्यांची खूण आहे. त्यात काडतुसाच्या लांबीची भर. अनेक जुन्या बंदुकींत काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं, तर हल्लीची पुष्कळ काडतुसं ७० मिलिमीटरची. ७० चं काडतूस ६५ च्या घरात बिनतक्रार बसतं, आणि गोम तिथेच आहे. ही लांबी तोंड उघडल्यानंतरची असते. बार उडताना घडी घातलेलं तोंड उलगडतं, त्याला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. खडकीच्या कारखान्यातलं ‘शक्तिमान’ घ्या नाहीतर परदेशी घ्या, खोक्यावरची लांबी आणि नळीवर ठोकलेला आकडा जुळवल्याशिवाय अशी बंदूक हातात धरू नये. नळीवर आकडाच नसेल तर जाणत्या बंदूक कारागिराकडून घर मोजून घ्यावं, आणि तोवर तिने भिंतीचीच शोभा वाढवावी.

लाकडाचंही तसंच. अक्रोडाचा वळणावळणाचा, धुरासारख्या रेषा पसरलेला दस्ता महाग मिळतो. मागच्या रुंद भागात ती नक्षी खुशाल असावी. पण दस्ता बारीक होत जातो आणि मूठ बसते, त्या मानेत लाकडाच्या रेषा सरळ, लांबीच्या दिशेनेच हव्यात. तिथे त्या आडव्या गेल्या तर धक्क्याने नेमकी मानच तडकते. आणि दस्त्याची लांबी! साध्या छर्ऱ्याच्या बंदुकीला रायफलीसारखी मागची माशी नसते, नेमबाजाचा डोळाच मागची माशी असतो. गाल दस्त्यावर जिथे टेकेल तिथून डोळा नळीवर सरळ यायला हवा. दस्ता बोटभर लांब-आखूड असला तरी नेम वर-खाली होतो. रात्री, जाड कांबळं पांघरून, घाईने खांद्याला लावताना ही चूक सुधारायला वेळ नसतो.

यावर जाणकारांचा आक्षेप असा की देखणेपणा आणि कारागिरी वेगळ्या काढता येत नाहीत. लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडच्या बंदुकीवरची नक्षी उत्तम, कारण आतली घडणही तितकीच उत्तम. हे खरंच आहे. पण ती बंदूक मापं घेऊन एका माणसासाठी घडवलेली असते. दुसऱ्याने वापरली की तिचा अर्धा गुण जातो. शिवाय संस्थानिकांच्या बंदुकीमागे ती पुसणारा, भरून देणारा माणूस उभा असे. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधली शस्त्रं पाहताना हे विसरू नये. दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि मला तो जास्त वजनदार वाटतो. आपल्याच कर्नाटकात कोडगूतले कोडव कैलपोळ्दूच्या सणाला बंदुकीची पूजा करतात, नळीच्या तोंडाशी कळलावीचं फूल खोवतात. तिथे बंदूक घरच्या माणसासारखी आहे. पण त्या सणाची पहिली पायरी बंदूक साफ करण्याची असते. फूल दुसऱ्या दिवशी सुकतं आणि नळी मोकळी राहते. शोभा करावी तर अशी उतरवता येणारी.

आणि जो ‘मला नक्षी नको, कामाचीच हवी’ म्हणत काळ्या प्लॅस्टिकची, पट्ट्या-खाचांची, लष्करी वळणाची बंदूक उचलतो, तो भुलत नाही असं कुणी समजू नये. प्लॅस्टिकचा दस्ता ओल पीत नाही, हा त्याचा खरा गुण. बाकी बहुतेक नुसता थाट असतो, आणि थाट मिरवायला लग्नाची वरात शोधतो. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने असा बेफिकीर बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले आहेत. ही फॅशनही नक्षीच आहे, फक्त काळ्या रंगातली.

मग व्यवहार्य कोणती? माझ्या मते मधून मोडणारी साधी एकनळी किंवा दुनळी. मोडली की आत काडतूस आहे की नाही ते उघड दिसतं, आणि मोडलेल्या अवस्थेत बार उडूच शकत नाही. इथे मात्र दोष एकट्या गिऱ्हाईकाचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ पीकराखणीसाठी आधी ठासणीची बंदूक सुचवतं. कमी ताकदीची म्हणून ती कमी धोक्याची, असा हिशेब त्यामागे असावा. पण ठासणीची बंदूक एकदा भरली की रिकामी करण्याचा सोपा मार्ग बार काढणं हाच. रात्रभर जनावर आलं नाही तर ती भरलेलीच घरी येते आणि भरलेलीच खुंटीला लागते, पोरांच्या हाताशी. कागदावर सौम्य ठरलेलं हे हत्यार शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात अव्यवहार्य ठरतं. ठासणीची पुरेशी नाही असं वाटलं तर दुसरी साध्या नळीची, किमान वीस इंची बंदूक देण्याची मोकळीक त्याच कलमाच्या परंतुकात आहे. धारवाड आणि कारवारच्या परवाना अधिकाऱ्यांनी राखणीचा अर्ज हातात घेताना ते परंतुक अपवाद म्हणून बाजूला ठेवू नये, तिथूनच सुरुवात करावी.