गिटारला ऊन दाखवू नका!

हात फिरे तिथे...



तुमच्या चाळीत, वाडीत मिरवणुकीला हलगी वाजते ना? मग एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. वाजवायच्या आधी हलगीवाले काका कागद-काटक्या पेटवून छोटासा जाळ करतात आणि हलगी त्यावर शेकतात. का बरं? कारण कातडं हवेतला ओलावा पितं आणि सैल पडतं. सैल कातड्याचा आवाज बसका येतो. शेक मिळाला की ओलावा उडून जातो, कातडं ताठ होतं आणि हलगी पुन्हा कडाडते!

हा उपाय आपण घरातल्या सगळ्याच गोष्टींना लावतो. गादी दमट झाली? ऊन दाखवा. डाळीला कीड लागली? ऊन दाखवा. कडी-कोयंडा गंजला? तेल सोडा. काही मळलं? पाणी मारा. ऊन, तेल आणि पाणी हे आपल्या घरातले तीन वैद्यच आहेत म्हणा ना! पण एक पाहुणी अशी आहे, की हे तिन्ही वैद्य तिच्यावर धावून आले तर ती बरी व्हायच्या ऐवजी आजारीच पडते. ती म्हणजे गिटार.

गिटार आता चाळीतही आली आहे, बरं का. आमच्या वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. आता त्यांच्या जागी उंच टॉवर उभे राहत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नव्या घरात जायचं म्हटलं की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. काय न्यायचं आणि काय टाकायचं?

अशाच चर्चेत सातवीतल्या एका मुलीची गिटार सापडली. आतेभावाने वापरून दिलेली. दोन पावसाळे खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेली होती. तारा तपकिरी झालेल्या, बोट ठेवलं की गंज लागायचा. पप्पा म्हणाले, "नव्या घरात भंगार न्यायचं नाही. लाकूड भिजलंय. वाळवी असली तर?" आईने सुचवलं, "तेल लाव आणि गच्चीवर उन्हात ठेव दोन दिवस." मुलगी गिटार घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, पप्पांनी रविवारपर्यंत मुदत दिलीय."

पप्पांचंही काही चूक नव्हतं. वाळवी लागलेलं लाकूड नव्या घरात कोण नेईल? म्हणून औषधाआधी आम्ही तपासणी केली. डॉक्टर आधी नाडी बघतात ना, तसं!

पहिली तपासणी वाळवीची. लाकडावर मातीच्या रेघा आहेत का? बारीक भोकं पडून पीठ सांडतंय का? टिचकी मारल्यावर लाकूड पोकळ, पिचलेलं वाटतंय का? यातलं काही नव्हतं. काळसर डाग होते, पण ते वरवरच्या बुरशीचे.

दुसरी तपासणी कागदाची. गिटारच्या पोटावर जिथे तारा अडकवलेल्या असतात, त्या लाकडी पट्टीला ब्रिज म्हणतात. गिटारच्या सहा पोलादी तारा मिळून साधारण ७० किलोचा ताण देतात. म्हणजे एका मोठ्या माणसाचं वजन! आणि हा ताण सोसणारी पोटाची फळी असते जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची. म्हणून ब्रिजचा डिंक सुटला की तो मागच्या बाजूने उचलायला लागतो. वहीचा कागद घ्यायचा आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघायचा. आत गेला, तर दुखणं मोठं. तारा सैल करून गिटार थेट वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे न्यायची. घरचा फेव्हिकॉल भरायचा नाही. या गिटारच्या ब्रिजखाली कागद शिरला नाही. म्हणजे गिटार धडधाकट होती, फक्त तारा संपल्या होत्या आणि मळ साचला होता!

आता आपले तीन वैद्य इथे का चालत नाहीत, ते बघू.

ऊन : गिटारचे भाग डिंकाने जोडलेले असतात. कडक ऊन लागलं की तो डिंक मऊ पडतो आणि ७० किलोचा ताण ब्रिज ओढून काढतो. शिवाय लाकूड एका बाजूने पटकन सुकतं आणि तडकतं. हलगीचं कातडं पुन्हा ताणता येतं, तडकलेलं लाकूड मात्र सांधावं लागतं. बंद मोटारीत गिटार ठेवू नये, तेही याच कारणासाठी.

तेल : खोबरेल तेल तारांवर किंवा लाकडावर चोळलं की ते चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि काही दिवसांनी खवट वास येतो. तेलकट तारेचा आवाजही मरतो. तार जितकी मोकळी थरथरते, तितका स्वर स्वच्छ. तेल-मळाने ती जड झाली की थरथरणं मंदावतं.

पाणी : लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सुकल्यावर आक्रसतं. असं सारखं झालं की सांधे सैल होतात. तारांचं तर विचारूच नका! पहिल्या दोन बारीक तारा नुसत्या पोलादाच्या असतात. बाकीच्या चार तारांत आत पोलाद आणि वरून तांब्याच्या मिश्र धातूचा वेढा असतो. पाणी त्या वेढ्यांत शिरलं की आतून गंज सुरू. तांब्याची भांडी घासतो तसं चिंच-मीठ लावायची हुशारीही कुणी करू नका!

मग करायचं काय? आम्ही केलं ते असं.

१. आधी खुंट्या फिरवून सगळ्या तारा पूर्ण सैल केल्या. ताणलेली तार कधीही कापू नका. ती चाबकासारखी उसळून डोळ्याला लागू शकते. हे काम मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करायचं.

२. जुन्या सुती साडीचं मऊ, कोरडं फडकं घेऊन सगळं अंग पुसलं. बुरशीचे डाग होते, तिथे फडकं किंचित ओलं करून, घट्ट पिळून, पुसलं आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घेतलं. रॉकेल, स्पिरिट, काचा पुसायचं औषध यांना इथे बंदी!

३. मानेवरच्या काळ्या-तपकिरी पट्टीत धातूचे आडवे दांडे असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीला जसे पडदे असतात तसेच हे. त्यांच्या कडेला बोटांचा मळ साचतो. तो जुन्या, कोरड्या टूथब्रशने हलक्या हाताने काढला.

४. पट्टीचं लाकूड कोरडं, पांढरट दिसत होतं. तिथे गिटारसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे दोन-तीन थेंब फडक्यावर घेऊन चोळले आणि पाच मिनिटांनी पुसून टाकले. वर्षातून एक-दोनदा एवढं पुरतं. लेमन ऑइल म्हणजे लिंबाचा रस नव्हे हं! आणि ते फक्त गडद रंगाच्या, पॉलिश न केलेल्या पट्टीलाच लावायचं. फिकट रंगाची चकचकीत पट्टी असेल, तर नुसतं कोरडं फडकं.

५. शेवटी नवा तारांचा सेट चढवला. असा सेट काही शे रुपयांत मिळतो, नव्या गिटारला मात्र काही हजार लागतात. धोबीतलावला फुर्ताडोज हे १८६५ सालापासूनचं नावाजलेलं दुकान आहे, आसपासही वाद्यांची दुकानं आहेत. तारा घेताना आपल्या गिटारला पोलादी लागतात की नायलॉनच्या, ते नक्की विचारा. नायलॉनवाल्या गिटारला पोलादी तारा चढवल्या, तर तिला तो ताण झेपत नाही.

आता एक गंमत सांगते. ती गडद पट्टी बहुतेक वेळा कोणत्या लाकडाची असते माहीत आहे? शिसवीच्या! आजीच्या घरी शिसवी पाट, शिसवी कपाट असायचं ना, तेच झाड. आपल्या सह्याद्रीतही ते उगवतं. भारतीय शिसव जगभरातले गिटार बनवणारे वापरतात. या झाडाची तोड फार होऊ नये म्हणून २०१७ सालापासून शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जास्त कडक लक्ष ठेवलं जातं. आणि गिटारवर रागदारी वाजवणारे पंडित विश्वमोहन भट्ट यांना १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला होता. त्यांनी गिटारमध्ये बदल करून मोहनवीणा हे वाद्य घडवलं. तेव्हा गिटार अगदीच परकी नाही, नाही का?

रविवारी ती मुलगी गिटार घेऊन घरी गेली. पप्पांनी गिटार उलटसुलट करून पाहिली, टिचक्या मारल्या, पोटाच्या भोकातून टॉर्च मारून आतही पाहिलं. मग म्हणाले, "न्यायची तर ने. पण रोज पुसणार असशील तरच. पुन्हा गंजलेली दिसली तर मी विचारायला येणार नाही." अट कडक आहे, पण खरी आहे. कारण गिटार गंजली ती पावसामुळे कमी आणि कुणी हात न लावल्यामुळे जास्त. ही रोजची निगा दोन मिनिटांची असते. वाजवण्याआधी हात धुऊन कोरडे करायचे. वडापाव खाऊन तसाच हात तारांवर नको! वाजवून झालं की फडकं चिमटीत धरून प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची. घामात मीठ असतं आणि मीठ पोलाद खातं.

ठेवायची कुठे? पावसात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला, खिडकीला टेकवून नको. गॅसजवळ नको, जमिनीवर नको. पिशवीत घालून कपाटावर किंवा आतल्या कोरड्या भिंतीला ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या न फोडता पिशवीत टाका. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि गिटारला आवडते साधारण ४५ ते ५५ टक्के. महिनाभर गावी जाणार असाल, तर प्रत्येक खुंटी अर्धा-एक फेरा सैल करून जा.

टॉवरमध्ये जाणाऱ्यांनो, तुमच्यासाठी उलटी सूचना. एसीच्या खोलीत हवा कोरडी होते, लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात. एसीचा झोत गिटारवर थेट येऊ देऊ नका.

पालकांसाठी दोन शब्द : मुलाचा उत्साह मावळला असं म्हणून वाद्य माळ्यावर टाकण्याआधी एकदा तारा बघा. गंजक्या तारांनी बोटं सोलतात, सूर लागत नाही आणि मुलाला वाटतं, 'मला जमतच नाही.' कधी कधी न जमणारं मूल नसतं, तार असते.

या आठवड्याचं काम : घरात किंवा शेजारी गिटार, बुलबुलतरंग, सतार, कुठलंही तारांचं वाद्य असेल, तर मालकाची परवानगी घेऊन एका तारेवर पांढरं फडकं फिरवा. फडक्याचा रंग कोणता झाला, ते वहीत लिहा. आणि मग बाकीच्या ताराही पुसून टाका!

तुमच्या बाई