जुना संगणक : सुधारावा की बदलावा?

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. २९ जुलै २०१५ रोजी ही प्रणाली बाजारात आली होती. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ तिला सुरक्षाविषयक सुधारणा विनामूल्य मिळत राहिल्या. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र घरोघरचे संगणक नेहमीप्रमाणेच सुरू झाले. पडदा उजळला, मुलांचा अभ्यास झाला, विजेचे देयकही भरले गेले. त्यामुळे संगणक नेमका कालबाह्य झाला म्हणजे काय झाले आणि आता नवा घ्यायलाच हवा का, असा प्रश्न सर्वसामान्य कुटुंबांपुढे उभा राहिला आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन गोष्टींची गल्लत टाळणे आवश्यक आहे. यंत्र झिजणे ही एक गोष्ट आणि यंत्राला मिळणारा आधार काढून घेतला जाणे ही दुसरी. पहिली गोष्ट वापर, धूळ आणि उष्णता यांवर अवलंबून असते, तर दुसरी एखाद्या कंपनीने जाहीर केलेल्या तारखेवर. गेल्या काही महिन्यांत ज्या संगणकांना जुने ठरवले गेले, त्यांतील अनेक यंत्रे प्रत्यक्षात सुस्थितीत आहेत.

तथापि, मुदत संपल्याकडे दुर्लक्ष करणेही शहाणपणाचे नाही. ऑपरेटिंग सिस्टीममधील उणिवा सतत उघडकीस येत असतात. त्या बुजवणारे बदल येणे थांबले की पुढे सापडणारी प्रत्येक फट कायमची उघडी राहते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने अनेक देशांतील संगणक वेठीस धरले. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजीच संपले होते. तरीही संकटाचे गांभीर्य ओळखून मायक्रोसॉफ्टने त्या जुन्या प्रणालीसाठी तातडीची दुरुस्ती उपलब्ध करून दिली. विशेष म्हणजे बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ वर चालणारे होते. त्या प्रणालीसाठीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच आली होती, पण ती अनेकांनी बसवलीच नव्हती. पुढील महिन्यात आलेल्या नॉटपेट्या या विषाणूने त्याच फटीचाही आधार घेतला आणि त्याची झळ नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही बसली. कंपनीचे साहाय्य असणे आणि त्याचा लाभ घेणे या भिन्न बाबी आहेत, हा त्या वर्षाचा धडा होता.

यापूर्वीच्या मुदतींपेक्षा यंदाची परिस्थिती वेगळी आहे. पूर्वी जुन्या संगणकावर नवी प्रणाली बसवली तर ती फार तर मंद चालत असे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ साठी मात्र यंत्रसामग्रीच्या निश्चित अटी घालण्यात आल्या आहेत. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी बहुतेक यंत्रे पूर्ण करतात. खरी अडचण प्रोसेसर आणि टीपीएम २.० या सुरक्षा घटकाची आहे. अत्यल्प अपवाद वगळता इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसरच मान्य यादीत आहेत. हे प्रोसेसर २०१७ च्या उत्तरार्धात आणि २०१८ मध्ये बाजारात आले. त्यामुळे २०१७ मध्ये विकत घेतलेला आणि आजही चोख काम करणारा संगणक केवळ वर्ष-दोन वर्षांच्या फरकाने यादीबाहेर राहतो.

आपल्या देशात या प्रश्नाला आर्थिक बाजूही आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील १०.७ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता. शहरी भागात हे प्रमाण २३.४ टक्के, तर ग्रामीण भागात ४.४ टक्के होते. ज्या घरात संगणक आला, तेथे तो बहुधा विचारपूर्वक, पैसे साठवून किंवा हप्त्यांवर आला. अशा कुटुंबाला तो बदलावा लागणे म्हणजे एखादी दुसरी गरज पुढे ढकलणे होय. म्हणूनच हा निर्णय भीतीपोटी किंवा विक्रेत्याच्या आग्रहाखातर होऊ नये.

निर्णयाची पहिली पायरी म्हणजे संगणकाची तपासणी. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे विनामूल्य साधन यंत्र विंडोज ११ साठी पात्र आहे की नाही, हे सांगते. ते अपात्र ठरवत असेल, तरी लगेच निराश होण्याचे कारण नाही. अनेक मदरबोर्डवर टीपीएमची सोय असते, पण ती बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. ती सुरू केली आणि प्रोसेसर यादीत असला, की खर्चाविना प्रश्न सुटतो. अटींना बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्याही प्रचलित आहेत. परंतु अशा संगणकांना पुढील सुधारणा मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही. ज्या सुरक्षिततेसाठी हा खटाटोप करायचा, तीच त्यामुळे अनिश्चित राहते.

दुसरी पायरी मंदपणाचे कारण शोधण्याची. जुना संगणक रेंगाळतो तेव्हा दोष प्रोसेसरचा आहे, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अडथळा हार्ड डिस्कचा असतो. तिच्यातील चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि माहिती वाचणारे टोक प्रत्येक वेळी योग्य जागी सरकावे लागते. एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. हार्ड डिस्कच्या जागी साधी साटा जोडणीची एसएसडी बसवली, तरी काही मिनिटे घेणारा संगणक अर्ध्या मिनिटाच्या आसपास सुरू होतो, असा अनेकांचा अनुभव आहे. त्यासोबत रॅम चारवरून आठ जीबी केल्यास टंकलेखन, ई-मेल, दृक्‌श्राव्य वर्ग आणि बँकेचे व्यवहार अशा कामांसाठी तोच संगणक आणखी काही वर्षे पुरतो. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारपेठांत अशी कामे नित्याचीच आहेत. मात्र अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते, याची खात्री आधी करून घ्यावी.

येथे अलीकडच्या एका घडामोडीचा विचार करावा लागेल. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरना स्मृतिचिप मोठ्या प्रमाणावर लागत असल्याने उत्पादकांनी आपला भर तिकडे वळवला. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या नावाने सामान्य ग्राहकांना होणारी विक्री बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. संगणक सुधारणे हा नेहमीच स्वस्त मार्ग असतो, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. अर्थात नव्या संगणकातही रॅम असतेच, त्यामुळे तोही या दरवाढीपासून अलिप्त राहत नाही. परिणामी, आहे ती रॅम कायम ठेवून केवळ एसएसडी बसवणे, हा मार्ग आधी पडताळून पाहणे इष्ट ठरेल.

सुरक्षिततेच्या प्रश्नावर तीन पर्याय उपलब्ध झाले. पहिला पर्याय मुदतवाढीचा. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा सुधारणांची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या मुदतीसाठी जाहीर केली. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते आवश्यक ठरवले गेले. संगणकाच्या मांडणीची नोंद त्या खात्याशी जोडल्यास शुल्क द्यावे लागत नाही, अन्यथा ते ३० डॉलर किंवा तेवढ्या स्थानिक चलनात ठरवण्यात आले. मुदतवाढ हा कायमचा उपाय नव्हे. ती शांतपणे विचार करण्यासाठी मिळालेली सवड आहे.

दुसरा पर्याय लिनक्सचा. उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात आणि विंडोज ११ ने नाकारलेल्या बहुतेक यंत्रांवर चांगल्या चालतात. केरळमधील शाळांनी गेली अनेक वर्षे हा मार्ग यशस्वीपणे अवलंबला आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांची सोय असलेली बॉस ही लिनक्स प्रणाली २००७ मध्येच उपलब्ध केली होती. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक यांची लिनक्सवर कोणतीही अडचण येत नाही. तथापि, मराठी घरांत आणि लहान छपाई व्यवसायांत श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर अद्याप मोठ्या प्रमाणावर आहे. तो युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय प्रणाली बदलल्यास वर्षानुवर्षांची पत्रे, हस्तलिखिते आणि नोंदी वाचता न येणाऱ्या चिन्हांची रांग बनून राहतील. टॅलीसारखे विंडोजसाठी तयार झालेले लेखा सॉफ्टवेअर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि जुना प्रिंटर यांचीही आधी चाचणी घ्यावी.

तिसरा पर्याय नव्या खरेदीचा आणि काही परिस्थितींत तोच योग्य आहे. मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय निकामी होत असेल, लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, संगणकावर रोजचा व्यवसाय आणि इतरांची आर्थिक माहिती अवलंबून असेल आणि यंत्र मान्य यादीबाहेरचे असेल, तर सुधारणेवर पैसे घालत राहणे अखेरीस महाग पडते. बॅटरी फुगलेला लॅपटॉप तर त्वरित बंद करावा. दुरुस्तीचा एकूण खर्च नव्या संगणकाच्या किमतीच्या निम्म्याजवळ पोहोचला, की थांबावे, हा व्यवहारी हिशेब उपयोगी पडतो. असा प्रसंग आल्यास नव्या संगणकातील रॅम आणि साठवण पुढे वाढवता येतील का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

नवा संगणक घरी आल्यावर जुन्याचे काय करायचे, हा विचार बहुधा शेवटी होतो. २०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा २०२४ मधील अहवाल सांगतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाचे बंधन घातले असून, २०२५-२६ आणि २०२६-२७ या वर्षांसाठी हे लक्ष्य ७० टक्के ठेवण्यात आले आहे. प्रत्यक्षात बराच कचरा असंघटित क्षेत्राकडे जातो. दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे तांबे आणि सोने मिळवण्यासाठी तारा जाळणारे आणि आम्लाचा वापर करणारे कामगार त्याची किंमत आपल्या आरोग्याने मोजत आले आहेत. म्हणून जुने यंत्र नोंदणीकृत संकलकाकडेच द्यावे. त्यापूर्वी त्यातील आधार, पॅन आणि बँकेच्या कागदपत्रांच्या प्रती केवळ काढून न टाकता संपूर्ण डिस्क पुसून घ्यावी.

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली, तेव्हा सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, हा विचार पुढे आला. विंडोज १० च्या अनुभवाने त्यात एका मुद्द्याची भर घातली आहे. सुटा भाग मिळाला, यंत्र दुरुस्त झाले, तरी सॉफ्टवेअरचा आधार नसेल तर ती दुरुस्ती अपुरी राहते. संगणक विकतानाच त्याला किती वर्षे सुरक्षा सुधारणा मिळतील हे खोक्यावर ठळकपणे छापले गेले, तर ग्राहकाला आपल्या पैशाचा हिशेब आधीच मांडता येईल. तोपर्यंत यंत्र तपासणे, सुधारणा वेळच्या वेळी बसवणे आणि मगच खरेदीचा विचार करणे, हा क्रम पाळणे कुटुंबाच्या हिताचे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख कंपनीने ठरवली होती, संगणक केव्हा बदलायचा ते मात्र घरातल्यांनीच ठरवायचे आहे.