शेंड्याचा निरोप

तुरीचे पीक फांद्या फोडण्याच्या वयात आले की अनेक शेतकरी त्याचे शेंडे खुडतात. वाढत्या रोपाचा माथाच काढून टाकणे वरवर पाहता नुकसानीचे वाटते. परंतु थोड्याच दिवसांत पानांच्या बगलेतून फांद्या फुटतात आणि झाड डेरेदार होते. शेंड्यात असे काय असते, की तो जाताच खालचे डोळे जागे व्हावेत?

या उत्तराचा पहिला धागा चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सापडतो. गवताच्या कोवळ्या अंकुराचे टोक झाकले, तर अंकुर प्रकाशाकडे वळत नाही. वळण पडते खाली, जाणीव मात्र टोकाला. तेव्हा टोकाकडून खाली काही निरोप जात असला पाहिजे. १९२६ साली फ्रिट्स वेंट यांनी हा निरोप्या अगारच्या तुकड्यात पकडला. त्याचे नाव ऑक्सिन.

ऑक्सिनचे सामर्थ्य त्याच्या प्रवासाच्या दिशेत आहे. शेंड्याच्या कोवळ्या पानांत ते तयार होते आणि पेशीमागून पेशी ओलांडत, तासाला साधारण १ सेंटिमीटर वेगाने, मुळांकडे उतरते. पेशीत शिरणे त्याला सोपे, बाहेर पडणे अवघड. त्यासाठी ‘पिन’ नावाची प्रथिने दारांचे काम करतात. ही दारे पेशीच्या एकाच अंगाला असल्याने प्रवाहाला दिशा मिळते. रोप आडवे पडले, तर गुरुत्वाकर्षण जाणणाऱ्या पेशींतील दारे जागा बदलतात आणि ऑक्सिन खालच्या बाजूस साचते. खोडात ते वाढीला चालना देते, म्हणून खोड वर वळते. मुळात तेवढेच ऑक्सिन वाढ रोखते, म्हणून मूळ खाली वळते. द्रव्य एकच, परिणाम दोन.

खोडातून हा प्रवाह वाहत असेपर्यंत बगलेतील डोळे दबलेले राहतात. शेंडा खुडला की प्रवाह ओसरतो, शेंड्याकडे ओढली जाणारी साखरही डोळ्यांच्या वाट्यास येते आणि फांद्या फुटतात. अंगणातील तुळस किंवा मोगरा दाट हवा असेल, तर वाचकांनी हेच करावे. पानांच्या जोडीच्या किंचित वर शेंडा खुडावा.

मात्र हा नियम सर्वत्र लावू नये. नारळ व सुपारी यांना राखीव डोळे नसतात. त्यांच्या वाढीचा कोंब माथ्यावर एकच. तो गेला, तर झाडच जाते. म्हणून कात्री उचलण्यापूर्वी, शेंड्याखाली कोणी जागे व्हायचे आहे का, एवढे अवश्य पाहावे.