घरातल्या जुन्या संगणकाची अकाली निवृत्ती

२०२५च्या सप्टेंबर महिन्यात देशाच्या विज्ञानवार्तांत दोन बातम्या लागोपाठ झळकल्या. २ सप्टेंबरला दिल्लीतील सेमिकॉन इंडिया परिषदेत ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर पंतप्रधानांच्या हाती सुपूर्द झाला. इस्रोचे विक्रम साराभाई अवकाश केंद्र आणि मोहालीची सेमिकंडक्टर लॅबोरेटरी यांनी मिळून तो घडविला होता. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-कचरा व जुन्या बॅटऱ्यांतून दुर्मीळ, मोलाची खनिजे परत मिळविणाऱ्या उद्योगांसाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. दोहोंचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पुढच्या महिन्यात, १४ ऑक्टोबरला, तिसरी गोष्ट घडली. त्या दिवसापासून विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित सुरक्षा-अद्यतन बंद झाले. ही गोष्ट विज्ञानवार्तांत फारशी आली नाही, व्यापारवार्तांत आली. वास्तविक भारतातील सामान्य घराशी तिचाच संबंध सर्वांत निकटचा होता.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि, काही अपवाद सोडले तर, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. म्हणजे त्याआधी घेतलेला, पुष्कळदा अजूनही ठणठणीत असलेला संगणक एका तारखेने ‘कालबाह्य’ ठरला. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एका वर्षाची वाढीव मुदत जाहीर झाली खरी. पण तिची नोंदणी करावी लागते, हेच अनेकांच्या कानावर गेले नाही. दुकानदाराने मात्र सांगितले, ‘आता नवीनच घ्या.’

हे वाक्य त्या तारखेच्या कितीतरी आधीपासून देशभर ऐकू येते. पडदा लुकलुकला, नवीन घ्या. चार कळा दबेनाशा झाल्या, नवीन घ्या. रुपयाचे चिन्ह उमटत नाही, हेही कधीकधी यंत्र म्हातारे झाल्याचे लक्षण मानले जाते! राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार (२०१७-१८) ग्रामीण भागातील सुमारे ४ टक्के आणि शहरी भागातील सुमारे २३ टक्के घरांतच संगणक होता. ज्या देशात घरात संगणक असणे हाच अपवाद आहे, तेथे असलेला संगणक किरकोळ दोषापायी अडगळीत जाणे ही केवळ त्या कुटुंबाची गैरसोय नव्हे. थोरल्या मुलाचे शिक्षण आटोपल्यावर धाकटीच्या वाट्याला यायचे ते यंत्र तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

वस्तुतः पडदा आणि कीबोर्ड यांच्या बहुतेक तक्रारी निदानाला सोप्या असतात. त्यांना हवी असते ती प्रयोगशाळेतील साधी शिस्त: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय घडते ते पाहायचे. पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा दिसू लागल्या की प्रथम स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर, अगदी मोबाइलवर, उघडून पाहावा. रेघा त्या चित्रातही असतील तर पडदा निर्दोष आहे. दोष चित्र घडविणाऱ्या भागात शोधावा लागेल. चित्र स्वच्छ असेल तर संशय केबलकडे आणि पडद्याकडे वळतो. दुसरा मॉनिटर किंवा घरातला दूरचित्रवाणी संच जोडून पाहिला की तो आणखी आटोपशीर होतो. लॅपटॉपचा पडदा काळा पडला असेल तर अंधारात त्यावर तिरका टॉर्च धरावा. मजकूर अंधूक दिसला तर चित्र तयार होत आहे, फक्त मागचा दिवा विझला आहे. या दोन दोषांच्या दुरुस्तीखर्चात पुष्कळ तफावत असू शकते, म्हणून हा टॉर्च दुकानात जाण्यापूर्वीच घरात लागला पाहिजे.

रंगांचे तर आणखी गमतीचे आहे. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमधून लाल, हिरवा व निळा हे तीन रंग वेगवेगळ्या तारांतून जातात. एखादी पिन वाकली की त्या रंगाचा पुरवठा तुटतो. निळा गेला की पांढरा पडदा पिवळा दिसतो, हिरवा गेला की जांभळट-गुलाबी. शाळेत शिकलेला प्रकाशाच्या रंगमिश्रणाचा धडा तेथे हुबेहूब समोर उभा असतो आणि घरची मंडळी ‘मॉनिटर गेला’ म्हणून हळहळत बसतात. अक्षरे अचानक फुगीर, पसरट दिसू लागली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर निसटून संगणक कामचलाऊ मूलभूत ड्रायव्हरवर आला असण्याची शक्यता मोठी. योग्य ड्रायव्हर बसवून पडद्याचे मूळ रिझोल्यूशन निवडले की अक्षरे पूर्ववत होतात. विंडोज १० मध्ये पडदा गोठला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबून ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू करता येतो.

कीबोर्डाची कहाणी अधिक बोधक आहे. शंभरावर कळांना शंभर स्वतंत्र तारा नसतात. आडव्या आणि उभ्या रेघांची एक जाळी असते, कळ दाबली की एक आडवी व एक उभी रेघ जोडली जाते आणि त्यावरून आतली चिप अक्षर ओळखते. म्हणून एकच कळ बिघडली असेल तर तिच्याखाली धूळ, चहा किंवा झिजलेले रबर शोधावे. पण परस्परांशी काहीच नाते नसलेल्या पाच-सहा कळा एकदम मुक्या झाल्या तर जाळीतील एखादी सबंध रेघ तुटली आहे किंवा लॅपटॉपमधील रिबन सैल झाली आहे, कारण जाळीतील शेजारी हे फळीवरील शेजारी असतातच असे नाही. पावसाळ्यात कोकणात, केरळात किंवा ईशान्येत अशा तक्रारी वाढल्या तर नवल नाही; दमट हवेत सूक्ष्म जोडांवर गंज चढतो. यंत्र सुरू होताना बायोसच्या पानावर त्याच कळा चालून पाहाव्यात. तेथे चालत असतील तर कीबोर्ड निर्दोष आहे, दोष कार्यप्रणालीच्या मांडणीत आहे.

आणि मांडणीतले दोष तर निव्वळ गैरसमजाचे असतात. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली तर फिल्टर कीज नावाची सोय सुरू करण्याची विचारणा होते. नकळत होकार गेला की झटपट दाबलेल्या कळा यंत्र दुर्लक्षू लागते आणि कीबोर्ड ‘मेला’ असे वाटते. ही सोय हात थरथरणाऱ्यांसाठी केलेली आहे, चांगल्या हेतूची आहे, पण ती सुरू झाल्याचे अनेकांना समजतच नाही. अवतरणचिन्हाच्या जागी ‘ॲट’चे चिन्ह उमटते तेव्हा कीबोर्डची मांडणी अमेरिकीऐवजी ब्रिटिश झालेली असते. भारताची खास तक्रार रुपयाची. १५ जुलै २०१० रोजी ₹ हे चिन्ह स्वीकारले गेले, त्याच वर्षी युनिकोडमध्ये त्याला स्थान मिळाले, आणि देशात विकल्या जाणाऱ्या कित्येक कीबोर्डांवर ते चारच्या कळेवर छापलेही गेले. मात्र संगणकातील मांडणी बहुधा अमेरिकीच राहते. मग छापलेले चिन्ह दाबूनही उमटत नाही. ‘इंग्रजी (भारत)’ ही मांडणी निवडून उजव्या अल्टसह चारची कळ दाबली की काम होते. एवढी साधी बाब यंत्र विकताना कोणी सांगत नाही.

देवनागरीच्या वाट्याला याहून मोठी उपेक्षा आली आहे. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने अशी तर्कशुद्ध रचना असलेला इन्स्क्रिप्ट हा आराखडा १९९१च्या भारतीय मानकात नोंदला गेला. २०१६ साली त्याची वाढविलेली आवृत्ती मानक म्हणून आली. तो विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, एक भाषा शिकली की इतर भारतीय लिप्यांत हात तसाच चालतो. तरीही बाजारातील बहुतेक कीबोर्डांवर रोमन अक्षरेच असतात. परिणामी कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांवर पोसलेली पिढी त्या फाँटांसाठी जुना संगणक जपून ठेवते. त्या फाँटांत लिहिलेला मजकूर नव्या यंत्रावर उघडला तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, आणि दोष पडद्याला दिला जातो. मराठी वाचकांना ‘ॲ’ या अक्षराचा अनुभव असेल. ते युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. त्यापूर्वीच्या फाँटांत त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. ‘दऱ्या’मधला रफार मोडून दिसणे याच जातीचे. येथे एक नवा फाँट बसविणे पुरेसे असते, नवे यंत्र नव्हे.

या साऱ्यात एक सावधगिरी मात्र निक्षून सांगितली पाहिजे. लॅपटॉपच्या कळा किंवा टचपॅड मधोमध वर उचलले गेले असतील, झाकण नीट मिटत नसेल, तर तो कीबोर्डचा दोष नसून खालची बॅटरी फुगलेली असू शकते. अशा यंत्राचा वापर आणि चार्जिंग तत्काळ थांबवावे, त्यावर दाब देऊ नये आणि बॅटरी जाणकाराकडूनच काढवून घ्यावी. चिमट्याने टोचून पाहण्याची हौस घरास आग लावू शकते. तसेच, सुरक्षा-अद्यतन थांबलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करीत राहणे हे धाडस नव्हे, बेफिकिरी आहे. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही.

यंत्र जगविण्याचे मार्ग मात्र उपलब्ध आहेत. चेन्नईच्या सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स २००७ पासून आहे, भारतीय भाषांसह आहे, मोफत आहे. तिच्यासारख्या कार्यप्रणाली जुन्या यंत्रावर चालतात आणि त्यांना अद्यतनेही मिळतात. सरकारी कार्यालये, शाळा यांनी स्वतःच्या जुन्या संगणकांवर त्या आग्रहाने वापरल्या असत्या तर ऑक्टोबरच्या त्या तारखेला एवढी धास्ती वाटली नसती. देशाने स्वतःची कार्यप्रणाली घडवायची आणि शाळेच्या संगणक-कक्षात ती मुलांच्या नजरेसही पडू द्यायची नाही, या विसंगतीची जबाबदारी परदेशी कंपनीवर ढकलता येणार नाही.

धोरणांकडे पाहिले तर कल स्पष्ट दिसतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची उद्दिष्टे घातली. पहिली दोन वर्षे ६० टक्के, पुढची दोन ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. त्याच नियमांत नूतनीकरणालाही थोडी सवलत आहे: वस्तूचे आयुष्य वाढविले तर उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते आणि नंतर तिच्यातील ७५ टक्केच मोजली जाते. तरतूद चांगली आहे, पण तिचा लाभ नोंदणीकृत व्यवसायांना. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळुरूचा एस. पी. रोड येथे खोडरबराने रॅमचे सोनेरी संपर्क घासून मेलेले यंत्र उठविणारा कारागीर या गणितात कोठेच नाही. दिल्लीच्या सीलमपुरात यंत्रे फोडून धातू वेगळा करणाऱ्यांचे हाल सर्वांना ठाऊक आहेत. यंत्र तेथवर उशिरा पोहोचावे यासाठी जो राबतो त्याला मात्र धोरणाच्या भाषेत नावही नाही. लॅपटॉपच्या एकूण कार्बन-भारापैकी मोठा वाटा तो कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच उचललेला असतो, हे ध्यानी घेतले तर वितळविण्याला १,५०० कोटी आणि जुळविण्याला जवळपास काहीच नाही, हा हिशेब विज्ञानाच्या कसोटीवरही उलटा आहे.

दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केले. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, माहिती उपलब्ध आहे का, यांवर गुण देणाऱ्या ‘दुरुस्ती-निर्देशांका’चा अहवालही मे २०२५ मध्ये खात्याला सादर झाला, पहिल्या टप्प्यात त्यात स्मार्टफोन व टॅब्लेट सुचविले आहेत. लॅपटॉप व डेस्कटॉप यांना पुढच्या टप्प्याची वाट पाहायला लावू नये. त्यांच्या गुणपत्रिकेत कीबोर्ड स्वतंत्रपणे बदलता येतो की सबंध वरचे आवरणच घ्यावे लागते, रॅम पट्टीवर आहे की थेट बोर्डावर झाळलेली, आणि सॉफ्टवेअर-अद्यतने कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, या तीन बाबी ठळक छापल्या जाव्यात. तिसरी बाब तर खोक्यावर, किमतीच्या शेजारी असली पाहिजे.

एक उदाहरण पुरे आहे. मदरबोर्डवर सीआर २०३२ ही नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी असते, यंत्र बंद असताना घड्याळ चालविते. काही वर्षांनी ती संपते, तारीख मागे जाते, आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्या चुकीच्या तारखेला अवैध ठरतात. घरच्यांना दिसते ते एवढेच, की इंटरनेट बिघडले, पाने उघडत नाहीत, संगणक जुना झाला. ती बॅटरी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे काही दहा रुपयांत मिळते आणि बदलायला एक स्क्रूड्रायव्हर व पाच मिनिटे लागतात.