हात बसवायला प्राणी कशाला?

नगर-मनमाड रस्त्यावर अपघात झाला की जखमीचा जीव अनेकदा ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या हाती असतो. छातीत साचलेले रक्त काढण्यासाठी काखेखाली, बहुधा पाचव्या-सहाव्या बरगड्यांमधल्या फटीतून, नळी आत सरकवायची. हे काम हात बसल्याशिवाय जमत नाही. तो प्राण्यांवर बसवावा का, हा वाद जुना आहे. आपल्या कायद्याचा कल मात्र स्पष्ट आहे. केवळ हस्तकौशल्यासाठी प्राण्यांवर प्रयोग शक्यतो होऊ नयेत, असे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम 17 सांगते. भारतीय वैद्यक परिषदेनेही 2014 मध्ये पदवी अभ्यासक्रमातील प्राणीप्रयोगांऐवजी संगणकीय पर्याय वापरण्यास सांगितले. शिवाय सराव शेळीवर केला, तरी तिच्या छातीची ठेवण माणसासारखी नसते. मानवी शरीराच्या प्रतिकृतीवर तीच कृती हवी तितक्या वेळा करता येते. प्रतिकृती महाग असतात, हे खरे. पण आपल्याच जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जिल्हा नियोजन समितीने निधी द्यावा, महाविद्यालयांनी सरावकक्ष उघडावेत आणि तालुक्याच्या डॉक्टरांना तिथे दरवर्षी सराव सक्तीचा करावा.