कारखाना थांबला, झळ कोणाला?

वारंगा फाट्यावर रस्ता अडला की हिंगोली, नांदेड व यवतमाळ या तिन्ही दिशांच्या मालमोटारी खोळंबतात. टाटा मोटर्सने २००८ मध्ये विकत घेतलेल्या जग्वार लँड रोव्हरच्या बाबतीत असेच घडले. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस झालेल्या संगणकीय हल्ल्यानंतर कंपनीला आपली संगणक यंत्रणा स्वतःच बंद करावी लागली आणि ब्रिटनमधील उत्पादन सुमारे पाच आठवडे ठप्प झाले. त्या तिमाहीत कंपनीने हल्ल्यापोटी १९.६ कोटी पौंड खर्च दाखविला. सायबर मॉनिटरिंग सेंटर या ब्रिटिश संस्थेचा एकूण हानीचा अंदाज मात्र १९० कोटी पौंडांचा, आणि झळ बसलेल्या संस्था तब्बल ५,०००!

मोठा वाटा कंपनीचाच, हे खरे. परंतु तिच्यामागे १५० कोटी पौंडांच्या कर्जाला हमी देणारे सरकार उभे राहिले. एकाच मोटारीसाठी सुटे भाग घडविणाऱ्या लघुउद्योजकाने आपला माल अन्यत्र कोठे विकावा? कामगारांचा पगार तर थांबत नाही. चाकण आणि वाळूजमध्येही असेच एका ग्राहकावर विसंबलेले कारखानदार आहेत. ग्राहकाची यंत्रणा बंद पडल्यास तयार मालाचे पैसे कोण देणार, हे त्यांनी आपल्या करारात आजच पाहून घ्यावे.